दोघे हरले त्या वादाची गोष्ट

नमन झालं, टाळ खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही जरा हात मोकळे करा. लागलं तर सांगेन.

मंडळी, आज काल्याचा दिवस. सात दिवस तुम्ही ऐकलंत, आज पोटाकडे लक्ष असणार, म्हणून प्रश्न एकच विचारतो आणि सोपा विचारतो. भांडायला किती जण लागतात?

दोन! हां, खालच्या आळीकडून दोन आलं. वरची आळी काय म्हणते? तेही दोनच म्हणतात. बघा, बारा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही आळ्यांचं एकमत झालं. माझी बिदागी वसूल!

मला इथून सगळं दिसतं बरं का. डावीकडे वरची आळी, उजवीकडे खालची. मधे हातभर वाट सोडलीय, आणि त्या वाटेवर एका कुत्र्यानं ताणून दिलीय. त्याच्याकडे मी नंतर येणार आहे. उठवू नका त्याला.

तर दोन लागतात म्हणता. बरं. आता असा एक माणूस घ्या, जो सांगतो जगात दुसरं काही नाहीच. मी, तुम्ही, हा खांब, ती समई, सगळा एकाच चैतन्याचा खेळ. त्यानं भांडायचं कुणाशी? आणि असा दुसरा घ्या, जो म्हणतो 'मी' नावाचा कुणी नाहीच, शोधा, सापडणार नाही. त्याच्या बाजूनं भांडणार कोण? एकाला दुसरा नाही, आणि दुसऱ्याला मी नाही. भांडण जमायचं कसं?

जमलं हो. वीस वर्षं जमलं. ऐका.

जुना काळ. कोकणातून मालाचे बैल घाट चढून वर यायचे तेव्हाची गोष्ट. घाटात अर्ध्या वाटेवर एक घळ, आणि घळीच्या दोन अंगांना डोंगरात कोरलेल्या दोन गुहा. अलीकडच्या गुहेत रुद्रभट. शैव आचार्य. अंगाला राख, डोक्यावर जटा, आणि आवाज असा की 'शंभो' म्हटलं की खालच्या वाडीत म्हशी पान्हा चोरायच्या. त्यांचं शास्त्र तंत्राचं. तंत्र म्हटल्यावर वरच्या आळीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मी बघितलं. लिंबं-टाचण्यांचं नव्हे हो! हे तंत्र म्हणतं, जगाकडे पाठ फिरवू नकोस. शिव तुझ्या जिभेवरच्या चवीत आहे, कानातल्या नादात आहे. तूच तो आहेस, फक्त ओळख विसरलायस. ओळख पटली की काम झालं.

पलीकडच्या गुहेत भदंत सुमेध. बौद्ध भिक्खू. काषाय वस्त्र, सडसडीत अंग, बोलणं मोजकं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी आधारानं उभी आहे. तिच्यात स्वतःचं असं काही नाही, ती आतून रिकामी आहे. आणि 'मी'सुद्धा तसाच. हे उमगलं की आवळलेली मूठ सुटते.

दोघांच्या मधे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. बारमाही. दोघांना मिळून एकच.

आणि तिसरी धानाई, खालच्या वाडीतली गवळीण. रोज दहीभाताचं मडकं डोक्यावर घेऊन घाट चढायची. पण तिचे हाल बघा. भिक्खूंचा नेम, सूर्य माथ्यावर येईपर्यंत जेवायचं, तो कलला की अन्नाला शिवायचं नाही. रुद्रभटांचा नेम, माध्यान्हीची पूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय घास नाही. म्हणजे एकाला सकाळीच वाढायचं, मग टाक्याच्या कडेला पेंगत बसायचं, आणि पूजा आटपली की दुसऱ्याला वाढायचं. मडकं एक, भात एक, पण वीस वर्षांत दोघांनी एका वेळी घास म्हणून घेतला नव्हता. धानाई म्हणायची, "दोन सुना परवडल्या, पण ह्ये दोन साधू नगं."

कुरबुरी रोजच्या होत्या. सुमेधांची तक्रार, की पहाटे भटांच्या घंटेनं ध्यान मोडतं. रुद्रभटांची तक्रार त्याहून भारी. म्हणायचे, "त्या भिक्खूच्या शांततेचा मला त्रास होतो!" अहो, शांततेचा त्रास! हसू नका. शेजारणीनं भांडण थांबवून गप्प बसायला सुरुवात केली की तुम्हाला झोप येते का?

मग एके दिवशी ठिणगी पडली. भिक्खूंचा आणखी एक नेम असतो. पाणी गाळून प्यायचं, बारीकसा जीवही पोटात जायला नको. आणि गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव मरू द्यायचे नाहीत, पुन्हा पाण्यात सोडायचे. त्या सकाळी रुद्रभट अभिषेकाची कळशी घेऊन आले, तर समोर सुमेध टाक्यात फडकं उलटं करतायत. अगदी हलक्या हातानं, तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसं.

"अहो भिक्खू, माझ्या अभिषेकाच्या पाण्यात किडे सोडता?"

"सोडत नाही. घरी पोचवतोय."

"घरी? हे शंभूचं पाणी आहे."

सुमेधांनी फडकं पिळलं. म्हणाले, "भटजी, तुमचा आवाज घळ ओलांडून येतो, म्हणून ऐकावं लागतं. काल तुम्ही शिष्यांना सांगत होतात की जे जे आहे ते शिवच आहे. मग हे किडे कोण?"

मंडळी, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? रुद्रभटांना तर एक सोडून दहा उत्तरं देता आली असती. पण त्यांच्या मागे त्यांचे शिष्य उभे होते, आणि त्यातला एक फिस्सकन हसला. तळपायाची आग मस्तकात गेली! जगात दुसरं काही नाही म्हणणारा माणूस सगळं सोसेल, पण शिष्याचं हसू नाही सोसणार. मला विचारा. माझा तबलजी इथंच बसलाय.

"वाद करा माझ्याशी," रुद्रभट म्हणाले. "हरेल त्यानं घाट उतरायचा. पुन्हा वर पाऊल टाकायचं नाही."

सुमेधांनी हसून सोडून द्यायला हवं होतं. 'मी'च नाही, तर अपमान झाला कुणाचा? पण कानशिलं तापली हो त्यांची. म्हणाले, "करू."

रुद्रभट बोलून तर बसले, पण लगेच नजर मागे गुहेकडे वळली. साठीचा माणूस. त्या गुहेत त्यांनी चाळीस वर्षं काढलेली. गुहेच्या तोंडाशी त्यांच्या गुरूंची समाधी, तिच्यावर रोज सकाळी स्वतःच्या हातानं फूल वाहायचे. हरलो तर ते फूल कोण वाहणार? पण शब्द तोंडातून गेला होता, आणि शिष्य ऐकत होते.

आता वादाची जुनी रीत ऐका, कारण सगळी गंमत त्या रीतीत आहे. आपल्यासारखं नव्हतं, की समोरचा बोलतोय तोवर आपण आपलं पुढचं वाक्य जुळवतोय. तिथं आधी पूर्वपक्ष करायचा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं, आणि इतकं नीट मांडायचं की त्यानं मान हलवून म्हटलं पाहिजे, 'हो, हेच माझं म्हणणं.' तो असं म्हणत नाही तोवर खोडून काढायला तोंड उघडायचं नाही. आपल्या ग्रामसभेत ही रीत आणली ना, तर पहिला विषय संपायला चार पिढ्या लागतील!

आणि समोरच्याचं म्हणणं शिकायचं कुणाकडून? खुद्द त्याच्याकडूनच. ठरलं, एक महिना. सकाळी रुद्रभटांनी सुमेधांच्या गुहेत जायचं, दुपार कलल्यावर सुमेधांनी रुद्रभटांच्या गुहेत यायचं. दोघंही मनातून खूश. शत्रू स्वतःच्या हातानं किल्ल्या देतोय म्हटल्यावर आणखी काय हवं?

पहिल्या सकाळी रुद्रभट जाऊन बसले. म्हणाले, "सांगा तुमचं शास्त्र."

"बसा."

"बसलोय की."

"कोण बसलाय ते बघा. सापडला की मला हाक मारा."

एवढंच! रुद्रभटांनी डोळे मिटले आणि रुद्रभटाला शोधायला आत शिरले. गुडघा सापडला, दुखणारा. पाठीवरची खाज सापडली. खाजेचा राग सापडला. धानाईनं आज दही आंबट आणलं असेल का, हा विचार सापडला. शिष्याचं ते हसू तर तीनदा सापडलं. पण ज्याचा गुडघा, ज्याची खाज, ज्याचा राग, तो काही सापडेना. तासाभरानं बाहेर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. वाटेत धानाई भेटली. "भटबाबा, काय हरवलं का?"

"मी," म्हणाले.

"बगा मंग टाक्यापाशी. परवा कळशी बी तितंच इसरला व्हता."

चार दिवसांनी सुमेधांनी आणखी एक जागा दाखवली. श्वास आत जातो, बाहेर येतो. आत जाणं संपलं आणि बाहेर येणं सुरू झालं नाही, अशी मधे एक फट आहे. तिथं बघा म्हणाले. रुद्रभटांनी पाहिलं आणि दचकले. अहो, ही फट त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होती! त्यांच्या गुरूंनी पहिल्या दिवशी हीच दाखवली होती. गुरू म्हणाले होते, इथं शिव उभा आहे. आणि हा भिक्खू म्हणतो, इथं कुणीसुद्धा उभं नाही. पण जागा तीच. रुद्रभट तसेच उठून आपल्या गुहेकडे निघाले. कळलं तरी कबूल करायचं नाही, हा नेम त्यांच्या सगळ्या नेमांत कडक होता.

दुपारी सुमेधांची पाळी. रुद्रभटांनी त्यांच्या कानापाशी ती पहाटेची घंटा वाजवली. "नाद ऐका. विरत विरत कुठे जातो बघा." सुमेध ऐकत राहिले. वीस वर्षं ज्या घंटेला नावं ठेवली, ती त्यांनी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली.

"संपला," सुमेध म्हणाले. "आता काही नाही."

"काही नाही हे कळलं कुणाला? खोली रिकामी आहे हे दिसायलाही दिवा लागतो, भदंत."

सुमेधांनी मान डोलावली. म्हणाले, "खरं. पण त्या दिव्यात स्वतःचं काय आहे? तेल काढा, वात काढा, मग दाखवा मला दिवा."

आणि मंडळी, असं एकानं दुसऱ्याला अडवलं की दोघांनाही बरं वाटायचं. भट 'भिक्खू' म्हणायचं सोडून 'भदंत' म्हणायला लागले, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. भिक्खूंनी एकदा उठून घंटेची दोरी नीट करून दिली.

इथं थांबतो जरा. दोन्ही शास्त्रं एकच आहेत, असं मी म्हणत नाही. म्हटलं तर दोन्हीकडचे पंडित मला या मांडवातच धरतील. एक म्हणतो भरलेलं आहे, दुसरा म्हणतो रिकामं आहे. फरक आहे आणि मोठा आहे. पण दोघांनी बोट ठेवलं ते मधल्या त्या एकाच जागेवर. दोघं म्हणाले, माझं-तुझं तिथं पोचत नाही. मला एवढं कळतं, याच्या पुढचं तुम्ही काशीला जाऊन विचारा.

महिना सरत आला. एका सकाळी रुद्रभट ध्यान करता करता बोलून गेले, "भदंत, सगळं शिव आहे असं मी रोज सांगतो. पण गुरू गेले त्या दिवशी जे रडू सुरू झालं, ते आतून अजून थांबलेलं नाही. शिवच असेल सगळं, तर गेलं कोण?" आणि त्याच दुपारी सुमेध म्हणाले, "भटजी, मी नाही असं तीस वर्षं सांगतोय. आणि साधा ताप आला तरी मरायची भीती वाटते. जो नाहीच, त्याला भीती कसली?"

झालं! दोघांच्या हातात एकमेकांचं मर्म आलं. वाद जिंकायला याच्याहून धारदार काय हवं?

वादाचा दिवस उजाडला. टाक्याच्या काठावर सभा. अलीकडे रुद्रभटांचे शिष्य, पलीकडे सुमेधांचे, मधे वाट सोडलेली. कुत्रं होतं की नाही ते पोथीत नाही. घटका मोजायला धानाईला बसवलं, कारण दोन्ही बाजूंना चालेल असं त्या डोंगरात दुसरं माणूसच नव्हतं. घटका कशी मोजायची? तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि घटकाभरात बुडते. दोन्ही पूर्वपक्ष झाले की वाटी सोडायची. वाटी बुडेपर्यंत ज्यानं खोडून काढायला सुरुवात केली नाही, तो हरला.

रुद्रभट उठले. त्यांनी शून्याचा पूर्वपक्ष मांडला. गुडघा, खाज, राग, श्वासातली ती फट, सगळं मांडलं. शेवटी म्हणाले, "मूठ उघडून दाखवली तर आत काही नसतं. आणि काही नसतं म्हणूनच तो हात दुसऱ्याला देता येतो." सुमेधांचे डोळे भरून आले. म्हणाले, "हेच माझं म्हणणं. मला मात्र इतकं नीट कधी सांगता आलं नाही."

मग सुमेध उठले, शिवाचा पूर्वपक्ष मांडायला. बोलले थोडंच. म्हणाले, "घंटा वाजते तेव्हा शिव, विरते तेव्हा शिव, आणि काही उरलं नाही असं ज्याला कळतं तोही शिव. कुणाला हाकलायचं असं जगात काही नाही. टाक्यातला किडासुद्धा नाही." रुद्रभट ऐकत होते. इतकी वर्षं शिष्यांना घोकवलं, शिष्यांनी घोकलं. पण आपलं म्हणणं आपल्या आतून उचलून आपल्यापुढे ठेवणारा जगात एकच माणूस निघाला, आणि तो हा! त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "हेच. हेच माझं म्हणणं."

धानाईनं वाटी पाण्यावर सोडली.

रुद्रभटांकडे खंडन तयार होतं. एकच वाक्य. 'भदंत, तुम्ही नाहीच, तर मरणाला भिता कसे?' एवढं म्हणायचं, सभा जिंकायची. गुहा राहिली असती, गुरूंची समाधी राहिली असती, रोजचं फूल राहिलं असतं. शिष्य मागून खाकरतायत, बोला, बोला. वाटी पाव भरली.

त्यांनी तोंड उघडलं. आणि ती भीती त्यांना दिसली, पण सुमेधांची म्हणून नाही दिसली हो. आपलं न थांबलेलं रडू आणि त्यांची ती भीती, एकच ओल आहे आणि दोन गुहांमधून झिरपतेय, असं दिसलं. मारायचं तर कुठं मारायचं? मी इथं संपतो आणि तो तिथं सुरू होतो, अशी कड तर सापडायला हवी! इतकी वर्षं ज्या गोष्टीवर प्रवचनं झोडली, ती त्या काठावर पहिल्यांदा खरी झाली. त्यांनी तोंड मिटलं. वाटी अर्धी भरली. उत्तर सुचेना म्हणून नव्हे, समोरच्यात स्वतःला ओळखलं म्हणून गप्प बसले.

वाटी बुडाली.

"बुडाली," धानाई म्हणाली.

रुद्रभटांनी गुरूंच्या समाधीकडे पाहून हात जोडले. म्हणाले, "मी हरलो. घाट मी उतरतो."

"तुम्ही कसे?" सुमेध म्हणाले. "मीही कुठे बोललो? हरलो मी."

"वाटी माझ्यासाठी सोडली होती."

"दोघांसाठी सोडली होती. मी आधी गप्प बसलो."

"भदंत, खोटं बोलू नका, तुमच्या नेमात बसत नाही. आधी मी गप्प बसलो!"

जुंपली की पुन्हा! वीस वर्षं खरं कोण यावरून भांडले, आता हरलं कोण यावरून. शिष्यांची पंचाईत झाली. आपल्या गुरूंच्या बाजूनं ओरडायचं म्हणजे काय ओरडायचं? 'आमचेच हरले'? शेवटी एकानं धानाईला विचारलं, "मग हा डोंगर आता कुणाचा?"

"माज्या म्हशींचा," धानाई म्हणाली. "दोगं बी हरल्यात, दोगं बी उतरा. फूल मी वाहीन समाधीला, फुडं व्हा."

उतरले. पुढे जटा, मागे काषाय, दोघांच्या हातात एकेक बोचकं, आणि वाद चालूच. पायथ्याशी धानाईच्या गोठ्यापुढे पोचले आणि दमून दगडावर टेकले. सूर्य बरोबर माथ्यावर. सावल्या पायाखाली गेलेल्या, दिसेचनात. मागोमाग उतरलेल्या धानाईनं डोक्यावरचं मडकं खाली ठेवलं आणि थबकली. आज आधी कुणाला वाढायचं?

सुमेध म्हणाले, "सूर्य अजून कलला नाही. मला चालतं."

रुद्रभटांनी पहिला घास हातात घेतला, डोळे मिटले, शंभूला दाखवला. म्हणाले, "माध्यान्ह झाली. नैवेद्य झाला. मलाही चालतं."

दिवसात तेवढीच एक फट होती, दोघांच्या नेमात बसणारी. वीस वर्षं ती रोज येत होती आणि रोज जात होती. धानाईनं एकच पान मांडलं, कारण दुसरं आणलंच नव्हतं. दोघं जेवले. आणि त्या दिवसापासून त्या गोठ्यापुढे रोज माध्यान्हीला दोघं जेवायचे. धानाईचं टाक्याच्या कडेला पेंगत बसणं वाचलं. तिच्या मते एवढ्या मोठ्या वादातून निघालेलं खरं फळ तेच.

आता कुत्र्याकडे येतो.

मंडळी, बारा वर्षांपूर्वी पालखी आधी कुणाच्या दारात थांबली, यावरून तुमचं बिनसलं. कळलं मला. आणि आज काल्याच्या हंड्या बांधल्यात किती? दोन! अहो, काला म्हणजे एकत्र कालवलेलं. घरोघरचे पोहे, घरोघरचं दही, कुणाचं कुठलं ते ओळखू येऊ नये म्हणून कालवायचं. आणि तुम्ही तो आळीआळीनं वेगळा कालवलात! मी रात्री... नाही, सकाळीच, दोन्ही हंड्यांत बोट घालून चव बघितली. कीर्तनकार आहे, मला तेवढं माफ आहे. शंभूशपथ सांगतो, मीठ दोन्हीकडे कमीच आहे.

आता माझं ऐका, नाहीतर मी हरलो असं समजून घाट उतरतो. समोरच्या आळीचं म्हणणं काय आहे, ते आपल्या तोंडानं नीट सांगता येईल असा इकडे एक तरी आहे का? तिकडे? बारा वर्षं भांडताय, आणि पूर्वपक्ष कुणालाच येत नाही!

मधली ही वाट तुम्ही एकमेकांना टाळायला सोडलीत. पण सगळ्या मांडवात निवांत झोप लागली ती तिथंच, बघा त्याच्याकडे. बाहेर ऊन बघा. सावल्या पायाशी आल्यात, बारा वाजत आले. हंड्या खाली घ्या आणि एकीत एक ओता. मी माझं पान घेऊन त्या कुत्र्याशेजारी बसतोय, दोन्हीकडे जागा ठेवून.

भांडायला किती जण लागतात, ते तुम्ही मघाशी मला सांगितलंत. जेवायला किती लागतात, ते आता मला दाखवा.